पायपुसण्याखालची चावी

तारीख १ एप्रिल २०२१. अमेरिकेतल्या कोडकव्ह नावाच्या कंपनीला एका ग्राहकानं कळवलं, की तुमच्याकडून उतरवून घेतलेली स्क्रिप्ट आणि तुम्हीच जाहीर केलेला तिचा चेकसम जुळत नाही. चेकसम म्हणजे फाइलमधल्या एकूणएक अक्षरावर गणित करून काढलेली खूण. एखादा स्वल्पविराम इकडचा तिकडं झाला तरी ती साफ बदलते. वाण्यानं बांधून दिलेली साखर घरी आल्यावर पुन्हा तोलून बघणारी माणसं असतात ना, तसा हा ग्राहक. बाकीच्यांनी पुडी फोडून सरळ डब्यात ओतली होती.

तपास केल्यावर दिसलं, की त्या लांबलचक स्क्रिप्टमध्ये कुणीतरी एक ओळ घुसवली आहे. एकच, पण ती सावकाश वाचण्यासारखी आहे. सुरुवातीला 'कर्ल', म्हणजे इंटरनेटवर काही धाडायची आज्ञा. तिला दोन सूचना दिलेल्या: तोंडातून अवाक्षर काढू नकोस, आणि अर्ध्या सेकंदात काम उरकलं नाही तर नाद सोड. धाडायचं काय? या यंत्रावरचा कोड कोणकोणत्या गिट रिपोमधून, म्हणजे कोड इतिहासासकट साठवायच्या कोठारांतून, आला त्याचे पत्ते, आणि त्यामागोमाग 'एन्व्ह' या आज्ञेला जे उत्तर येईल ते सगळं. ओळीच्या शेवटी दोन उभ्या दांड्या आणि 'ट्रू' हा शब्द. म्हणजे काही बिनसलंच, तर पुढच्या ओळीला सांग की सगळं ठीक आहे. चोरानं जाताना दार हळूच लोटून घ्यावं, तशी ही शेपूट.

कोडकव्हचं काम तसं निरुपद्रवी. कंपन्या आपल्या कोडवर ज्या चाचण्या चालवतात, त्या कोडच्या किती भागापर्यंत पोचतात याचा हिशेब ती मांडून देते. त्यासाठी तिची 'बॅश अपलोडर' नावाची स्क्रिप्ट ग्राहकाच्या बिल्ड यंत्रावर दर वेळी चालते. २९ हजारांहून अधिक ग्राहक असल्याचं कंपनी सांगत असे. ती ओळ ३१ जानेवारीपासून अधूनमधून त्या स्क्रिप्टमध्ये होती. दोन महिने. एवढ्या काळात किती बिल्ड चालली असतील आणि किती वेळा 'एन्व्ह'चं उत्तर परक्या सर्व्हरवर जाऊन पडलं असेल, याचा ज्यानं त्यानं आपापल्या घरी अंदाज बांधावा. दर्जा तपासायला ठेवलेल्या साधनातूनच चोरी झाली. कुंपणच शेत खातं म्हणतात ते हे.

पण चोराला हवं होतं ते 'एन्व्ह'चं उत्तर म्हणजे नेमकं काय?

*

संगणकावर चालणारा प्रत्येक प्रोग्राम जन्माला येतो तेव्हा त्याच्या हातात एक पिशवी असते. पिशवीत चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक नाव, बरोबरचं चिन्ह आणि एक किंमत: घर अमुक फोल्डरमध्ये आहे, भाषा अमुक, आज्ञा शोधायच्या तर अमुक जागी शोध. या चिठ्ठ्या म्हणजे एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल. कामाच्या भाषेत नुसतं 'एन्व्ही'. ही सोय आली १९७९च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत. आजही कुठल्याही लिनक्स यंत्रावर 'एन्व्ह' एवढं टाइप केलं, की पिशवी उलटी होऊन सगळ्या चिठ्ठ्या पडद्यावर सांडतात.

या पिशवीचा मूळ गुण म्हणजे वारसा. एका प्रोग्रामनं दुसऱ्याला जन्म दिला, की पोराला आईच्या पिशवीची हुबेहूब नक्कल मिळते. पोराच्या पोरालाही. कुणी विचारत नाही, की बाबा, तुला यातल्या कोणत्या चिठ्ठ्या लागतात? १९७९ साली ते योग्यच होतं. घराचा पत्ता आणि भाषा सगळ्या पोरांना ठाऊक असलेली बरी. बँकेच्या लॉकरची चावी पुढं याच पिशवीत येऊन पडणार आहे, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

चावी तिथं आली ती एका चांगल्या हेतूनं. पूर्वी, आणि खरं सांगायचं तर आजही बऱ्याच ठिकाणी, डेटाबेसचा पासवर्ड थेट कोडमध्येच लिहिलेला असे. कोड ज्याच्या हाती त्याच्या हाती पासवर्ड. २०११ च्या सुमाराला हेरोकू या कंपनीतले अॅडम विगिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेब अॅप कसं बांधावं याची बारा सूत्रं मांडली. 'ट्वेल्व्ह फॅक्टर अॅप' म्हणून ती प्रसिद्ध आहेत. त्यातलं तिसरं सूत्र असं, की जे जे जागेनुसार बदलतं, म्हणजे चाचणीच्या यंत्रावर एक आणि प्रॉडक्शनवर, प्रत्यक्ष वापरातल्या यंत्रावर, दुसरं, ते कोडमध्ये न ठेवता एनव्हायर्नमेंटमध्ये ठेवावं. त्याला त्यांनी एक कसोटीही दिली. आत्ता, या क्षणी तुमचा सगळा कोड जगासमोर उघडा केला, तर एकही गुपित बाहेर पडणार नाही ना? कसोटी फार नेमकी आहे. पंधरा वर्षं होत आली तरी तिच्यावर उतरताना भल्याभल्यांना घाम फुटतो.

चिठ्ठ्या दोन-चार असेपर्यंत ठीक होतं. वीस झाल्या, पंचवीस झाल्या. दर वेळी हातानं कोण टाइप करणार? मग ब्रँडन कीपर्स यांनी रुबीसाठी 'डॉटएन्व्ह' नावाची छोटी लायब्ररी लिहिली, पुढं नोडसाठी तशीच स्कॉट मोट यांनी लिहिली. सगळ्या चिठ्ठ्या 'डॉट एन्व्ही' नावाच्या एका साध्या फाइलमध्ये लिहायच्या, प्रोग्राम सुरू होताना ती वाचून पिशवी भरायची. इतकं सोयीचं, की २०२३ पासून नोडनं स्वतःच ही सोय पोटात घेतली. यातली गंमत मात्र लक्षात घ्या. गुपित चुकून कोडच्या फाइलींबरोबर जाऊ नये म्हणून ते एनव्हायर्नमेंटमध्ये ठेवलं, आणि एनव्हायर्नमेंट भरायचा कंटाळा म्हणून ते पुन्हा फाइलमध्ये आणलं. तीही कोडच्याच फोल्डरमध्ये, कोडच्या मांडीला मांडी लावून.

आता पुण्या-मुंबईतल्या, किंवा कुठल्याही, छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत नव्या मुलाचा पहिला दिवस डोळ्यांसमोर आणा. लॅपटॉप मिळाला, कोड उतरवला, चालवून बघितला. चालत नाही. शेजारचा सीनियर म्हणतो, "अरे, एन्व्ही टाकली नाहीस. थांब, पाठवतो." आणि व्हॉट्सअॅपवर, नाहीतर स्लॅकवर, टुण्णकन् फाइल येते. तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड, पेमेंट गेटवेची की, ईमेल पाठवणाऱ्या सेवेचं टोकन, एडब्ल्यूएस या अॅमेझॉनच्या क्लाउड सेवेची चावी. बऱ्याचदा प्रॉडचीच, कारण वेगळी बनवायला कुणाला सवड झालेली नसते. ती फाइल मग फोनच्या बॅकअपमध्ये जाते, डाउनलोड्समध्ये पडून राहते, मुलगा दोन वर्षांनी नोकरी सोडतो तेव्हा त्याच्याबरोबर बाहेर पडते. कुणाच्याही मनात काळंबेरं नाही. दाराच्या पायपुसण्याखाली चावी ठेवून 'घे गं, आत चहा केलेला आहे' म्हणण्यातलाच हा सगळा जिव्हाळा.

*

जिव्हाळ्याची किंमत उबरला दोनदा मोजावी लागली. २०१४ साली कंपनीच्या एका इंजिनिअरनं गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवलेल्या कोडमध्ये एडब्ल्यूएसची चावी होती. तिच्या जोरावर बाहेरच्या माणसानं ड्रायव्हरांची नावं आणि लायसन्सचे क्रमांक मिळवले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं चौकशी लावली. चौकशीत कंपनीचे सुरक्षाप्रमुख जो सलिव्हन यांची ४ नोव्हेंबर २०१६ रोजी शपथेवर साक्ष झाली. बरोबर दहा दिवसांनी त्यांना ईमेल आली: तुमचा डेटा आमच्या हाती लागला आहे.

या वेळी रिपो खासगी होता. पण चोरट्यांनी दुसरीकडं फुटलेले पासवर्ड उबरच्या इंजिनिअरांच्या गिटहब खात्यांवर लावून बघितले, ते लागले, आणि आत कोडमध्ये पुन्हा एडब्ल्यूएसची चावी उघडी पडलेली. पाच कोटी सत्तर लाख प्रवासी आणि ड्रायव्हर यांची माहिती गेली. त्यात सुमारे सहा लाख ड्रायव्हरांचे लायसन्स क्रमांक. कंपनीनं चोरट्यांना एक लाख डॉलर दिले, तेही चुका शोधून देणाऱ्या भल्या माणसांसाठी असलेल्या बक्षीस योजनेतून, आणि वर्षभर मौन पाळलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये नव्या मुख्याधिकाऱ्यांनी ते फोडलं. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या राज्यांशी तडजोड झाली ती १४ कोटी ८० लाख डॉलरला. सलिव्हन २०२२ मध्ये दोषी ठरले. चौकशीत अडथळा आणणं आणि गुन्हा दडवणं हे आरोप. तुरुंग टळला, तीन वर्षांची प्रोबेशन मिळाली.

'आमचा रिपो खासगी आहे' हे वाक्य या धंद्यात देवाचा अंगारा लावल्यासारखं म्हटलं जातं. तो अंगारा कुठवर पुरतो, ते वरच्या हिशेबात आलं.

उघड्या रिपोंचा हिशेब तर आणखी वेगळा. नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१९ साली गिटहब चाळलं, तेव्हा एक लाखाहून जास्त रिपोंमध्ये चाव्या सापडल्या, आणि रोज हजारोंची भर पडत होती. गिटगार्डियन ही कंपनी दरवर्षी ही मोजदाद करते. २०२३ या एका वर्षात तिला सुमारे एक कोटी अठ्ठावीस लाख नवी गुपितं उघड्यावर मिळाली, २०२४ मध्ये जवळपास दोन कोटी अडतीस लाख. त्याहून बोचणारा आकडा वेगळाच आहे: २०२२ मध्ये फुटलेल्या चाव्यांपैकी ७० टक्के कितीतरी काळ उलटल्यावरही चालू होत्या. म्हणजे चावी हरवल्याचं कळूनही, किंवा न कळल्यामुळं, कुलूप तेच.

इथं गिटचा स्वभाव समजून घ्यायला हवा. गिट काही विसरत नाही. समजा, घाईत डॉट एन्व्ही कमिट झाली, म्हणजे इतिहासात नोंदली गेली, आणि पुश होऊन गिटहबवर गेली. चूक लक्षात आली, फाइल काढली, नवा कमिट केला. आता फाइल दिसत नाही. पण मागच्या कमिटमध्ये ती जशीच्या तशी आहे. इतिहासात एक पाऊल मागं गेलं की हजर. नवशिके आणखी एका ठिकाणी ठेचकाळतात. फाइल 'गिटइग्नोर'मध्ये लिहिली की झालं, असं त्यांना वाटतं. पण ज्या फाइलीवर गिटची नजर एकदा बसली, ती इग्नोरच्या यादीत घातली तरी गिट तिचा पाठपुरावा सोडत नाही. तिला गिटच्या नजरेतून वेगळी आज्ञा देऊन काढावं लागतं. मग कुणी इतिहासच नव्यानं लिहायला बसतो. त्यासाठी हत्यारं आहेत, ती चालतातही. पण तोवर कुणी फोर्क केलेला असतो, कुणी क्लोन, म्हणजे आपापली नक्कल काढून नेलेली असते.

आणि वेळ तरी किती असतो हातात? पालो आल्टो नेटवर्क्सच्या 'युनिट ४२' या पथकानं २०२३ मध्ये मुद्दाम एडब्ल्यूएसच्या चाव्या गिटहबवर टाकून बघितल्या. चोरांची यंत्रं पाच मिनिटांच्या आत त्या उचलून कामाला लागली होती. मालकाच्या पैशानं मोनेरो हे आभासी चलन खणायला मोठमोठी यंत्रं सुरू करायची. अशा वेळी इतिहास पुसत बसणं म्हणजे आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी. पहिलं काम चावी रद्द करायचं, नवी काढायचं. धंद्यातला शब्द आहे 'रोटेट करणं'. इतिहास नंतर सावकाश पुसा, किंवा नका पुसू; मेलेल्या चावीला कोण विचारतो?

टोयोटाला हे पाच वर्षांनी कळलं. कंपनीच्या टी-कनेक्ट सेवेच्या कोडचा काही भाग एका उपकंत्राटदारानं डिसेंबर २०१७ मध्ये गिटहबवर उघडा ठेवला, त्यात डेटा सर्व्हरची चावी. सप्टेंबर २०२२ पर्यंत ती तशीच होती. २ लाख ९६ हजार १९ ग्राहकांचे ईमेल पत्ते आणि ग्राहक क्रमांक पाच वर्षं उघड्या दारामागं. कुणी आत आलं की नाही, हे सांगता येत नाही आणि नाकारताही येत नाही, असं कंपनीला जाहीर करावं लागलं. आणि गिटहब तरी कुठं सुटलं? मार्च २०२३ मध्ये त्यांचीच एक खासगी एसएसएच की थोडा वेळ उघड्या रिपोत दिसली. त्यांनी मात्र २४ मार्चला ती झटक्यात बदलली, जगभरच्या डेव्हलपरांच्या पडद्यावर धोक्याच्या सूचना झळकल्या, शिव्या पडल्या, तरी बदलली. त्यानंतर वर्षभरानं गिटहबनं उघड्या रिपोंसाठी पुश होतानाच चावी ओळखून अडवायची सोय आपोआप चालू ठेवायला घेतली. ती ओळखता येते, कारण आता चाव्यांवर शिक्के असतात. एडब्ल्यूएसच्या कायमच्या चाव्या 'एकेआयए' या चार अक्षरांनी सुरू होतात, गिटहबची वैयक्तिक टोकनं 'जीएचपी'नं. नोटेवरच्या पाणचिन्हासारखं, फक्त इथं ते चोरालाही वाचता येतं.

*

स्वतःचा वेब सर्व्हर चालवणाऱ्या कुणालाही एक गोष्ट करून बघता येईल. नवं डोमेन लावा, आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये कोण काय मागतंय ते बघत बसा. मुखपृष्ठ मागणारा पहिला खरा माणूस यायच्या आधीच कुणीतरी तिरकी रेघ आणि 'डॉट एन्व्ही' मागून गेलेला असेल. मग 'बॅकएंड' फोल्डरमधली डॉट एन्व्ही, 'एपीआय'मधली, 'ओल्ड'मधली, 'डॉट एन्व्ही डॉट बॅकअप'. वाड्यातल्या प्रत्येक दाराची कडी हलवून बघत जाणारं हे कुणी माणूस नसतं, यंत्र असतं, त्यामुळं ते थकत नाही.

कडी लागते ती अशी. पीएचपीच्या लाराव्हेल फ्रेमवर्कमध्ये जगाला दाखवायचा भाग 'पब्लिक' नावाच्या आतल्या फोल्डरमध्ये असतो आणि डॉट एन्व्ही एक पायरी वर, बाहेर. सर्व्हरचं तोंड 'पब्लिक'कडं असलं तर सगळं सुरक्षित. पण स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग घेऊन सगळा प्रोजेक्टच उचलून मूळ फोल्डरमध्ये ओतला, की सर्व्हरचं तोंड एक पायरी वर येतं. साइट थोड्या खटपटीनं चालते, गिऱ्हाईक खूश, बिल निघालं. आणि डॉट एन्व्ही ब्राउझरमध्ये साध्या मजकुरासारखी उघडते.

ऑगस्ट २०२४ मध्ये युनिट ४२ नं एका खंडणी टोळीचा माग काढला. या टोळीनं २३ कोटींहून अधिक पत्त्यांवर डॉट एन्व्ही मागून बघितली होती. एक लाख दहा हजार डोमेनांच्या उघड्या फाइलींमधून नव्वद हजारांहून जास्त व्हेरिएबल हाती लागली. त्यांतली सात हजार कंपन्यांच्या क्लाउड सेवांची होती, दीड हजार सोशल मीडिया खात्यांची. पुढचा प्रवास ठराविक: क्लाउडमध्ये शिरायचं, साठवलेला डेटा उचलून न्यायचा, मूळ पुसायचा आणि खंडणीची चिठ्ठी ठेवायची. एडब्ल्यूएसमध्ये कुठलं भोक नव्हतं. कुलूप उत्तम होतं, चावी दारात होती.

आपल्याकडची गोष्ट सांगायची तर फेब्रुवारी २०२१ मध्ये 'सकुरा सामुराई' या संशोधकांच्या गटानं भारत सरकारच्या विविध संकेतस्थळांवर उघडी पडलेली गिट फोल्डरं आणि डॉट एन्व्ही फाइली शोधल्याचं जाहीर केलं. त्यांच्या सांगण्यानुसार लॉगिनच्या ३५ जोड्या आणि १३ हजारांहून अधिक लोकांची खासगी माहिती त्यातून दिसत होती. त्यांनी ते सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला आधी कळवलं, म्हणून ते बातमीत आलं. न कळवणाऱ्यांची बातमी येत नाही.

*

फाइल नीट लपवली, गिटला शिवू दिली नाही, तरी पिशवी गळते. कशी, ते पाहिलं की १९७९च्या त्या वारशाचा अर्थ नीट लागतो.

सगळ्यात बाळबोध गळती ब्राउझरमध्ये. रिअॅक्ट, व्ह्यू वगैरेंनी बांधलेला दर्शनी भाग वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालतो. तिथं सर्व्हरची पिशवी नसतेच. मग बिल्ड होताना व्हेरिएबलची किंमत कोडमध्ये चिकटवून पाठवतात. सरसकट सगळी जाऊ नयेत म्हणून नेक्स्ट-जेएसमध्ये नावापुढं 'नेक्स्ट पब्लिक' लावावं लागतं, व्हीटमध्ये 'व्हीट'. नावातच 'पब्लिक' आहे. तरीही 'चालत नव्हतं, प्रीफिक्स लावल्यावर चाललं' म्हणून पेमेंटची गुप्त की तिथं चिकटवणारे महाभाग असतात. नकाशाच्या कीसारख्या काही चाव्या ब्राउझरमध्ये जाणारच. त्यांना कोणत्या डोमेनवरून वापरायचं याची मर्यादा घालायची असते.

दुसरी गळती एका शब्दाची. पिशवीतली प्रत्येक चिठ्ठी म्हणजे मजकूर. तिथं आकडे नाहीत, खरं-खोटं नाही. कुणी 'डीबग बरोबर फॉल्स' लिहितो आणि निर्धास्त झोपतो. प्रोग्राम ते वाचतो तेव्हा त्याला मिळतो पाच अक्षरांचा शब्द, आणि जावास्क्रिप्ट काय, पायथन काय, रिकामा नसलेला कुठलाही शब्द 'खरा' धरतात. थोडक्यात, बंद म्हटलेलं डीबग चालू. मग एखादी चूक झाली की पाहुण्याला त्या चुकीचं वर्णन करणारं पान दिसतं, तेही सविस्तर. जँगो अशा पानावर पासवर्डसारखी नावं असलेल्या किंमती चांदण्या लावून झाकतो. लाराव्हेलच्या जुन्या आवृत्त्या डेटाबेसच्या पासवर्डासकट पिशवी मांडून ठेवत. पीएचपीचं 'पीएचपी-इन्फो' पान तपासणीपुरतं टाकून विसरणारे आजही भेटतात.

तिसरी गळती पोरांच्या हातून. जुलै २०१७ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या कोठारात 'क्रॉसएन्व्ह' नावाचं पॅकेज आलं. मूळचं प्रसिद्ध पॅकेज 'क्रॉस', मग छोटी आडवी रेघ, मग 'एन्व्ह'. रेघ विसरलात, की नकली पॅकेज उतरत असे, मूळचं काम इमानेइतबारे करत असे आणि जाता जाता पिशवी झटकून चिठ्ठ्या आपल्या मालकाला पाठवत असे. १ ऑगस्टला एकाला संशय आला तेव्हा कळलं, की त्याच खात्यावरून अशी सुमारे चाळीस पॅकेजं टाकलेली होती. डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या लॉगफोरजे या नोंदी लिहिणाऱ्या लायब्ररीमधलं कुप्रसिद्ध भोक सापडलं, तेव्हा तर आत शिरायचीही गरज उरली नाही. लॉगमध्ये जाईल असा एक मजकूर पाठवायचा. त्यात लिहायचं, की अमुक व्हेरिएबलची किंमत घे आणि ती आमच्या डोमेनच्या नावापुढं जोडून पत्ता शोध. सर्व्हर भाबडेपणानं पत्ता शोधायला जाई, आणि नुसत्या त्या चौकशीतच एडब्ल्यूएसची गुप्त चावी बाहेर पडे.

कंटेनरचं तर विचारूच नका. अॅप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेली डॉकरची इमेज थरांवर थर रचून बनते. एका थरात गुपित टाकलं आणि वरच्या थरात पुसलं, तरी खालचा थर जसाच्या तसा इमेजबरोबर जगभर जातो. फोल्डरमधलं 'सगळं' कॉपी करायची आळशी ओळ लिहिली तर डॉट एन्व्हीही त्यात जाते. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये तीन लाखांहून अधिक इमेजी तपासल्या, ८.५ टक्क्यांत गुपितं निघाली. कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटिसमध्ये 'सिक्रेट' नावाची वेगळी वस्तू आहे. नावावर जाऊन फसणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं, की त्यातला मजकूर मुळात बेस-६४ मध्ये लिहिलेला असतो. ते कुलूप नव्हे, मोडी लिपी आहे: ज्याला येते तो सरळ वाचतो.

आणि कोडकव्हची चोरी मुळात झाली कशी? कंपनीनं लोकांना दिलेल्या डॉकर इमेजच्या मधल्या एका थरात, स्क्रिप्ट जिथं ठेवलेली होती त्या गुगलच्या साठवणुकीत लिहायची परवानगी असलेली चावी राहून गेली होती. चोराला ती मिळाली. पुढची ओळ आपण वाचलीच आहे.

*

गावाला जाताना चावी शेजारच्या काकूंकडे द्यायची आपली जुनी रीत. सॉफ्टवेअरच्या जगातल्या काकू म्हणजे बिल्ड सेवा. कोड तपासायचा, बांधायचा, सर्व्हरवर चढवायचा, तर तिच्याकडे सगळ्या घरांच्या चाव्या लागतात. सर्कल-सीआय ही त्यातली मोठी. ४ जानेवारी २०२३ रोजी तिनं आपल्या यच्चयावत ग्राहकांना सांगितलं: आमच्याकडे ठेवलेली सगळी गुपितं बदला. एका इंजिनिअरच्या लॅपटॉपवर डिसेंबरात मालवेअर शिरला होता. त्यानं पासवर्ड नाही, ओटीपी नाही, लॉगिन झाल्यानंतरचं सेशन टोकनच उचललं. २२ डिसेंबरला ग्राहकांची व्हेरिएबल, टोकनं, चाव्या बाहेर गेल्या. त्या कूटबद्ध साठवलेल्या होत्या. चोरानं चालत्या प्रोग्रामच्या मेमरीतून उकलायच्या चाव्याही काढून घेतल्या.

'सगळी बदला' हे दोन शब्दांचं काम नव्हे. ज्यांच्याकडे यादी होती त्यांनी रात्रीत उरकलं. ज्यांच्याकडे नव्हती, त्यांना आधी हे शोधावं लागलं, की २०१९ साली सोडून गेलेल्या अमक्यानं टाकलेली ही 'टोकन टू' नेमकी कशाची, आणि ती बदलली तर काय बंद पडेल? अशा चिठ्ठ्यांना लोक हात लावत नाहीत. देवघरातल्या जुन्या टाकासारख्या त्या पुढच्या पिढीकडे जातात.

मार्च २०२५ मध्ये काकू तशा बऱ्या होत्या, त्यांच्या घरी येणारा पाहुणा फिरला. गिटहबच्या बिल्डमध्ये २३ हजारांहून अधिक रिपो वापरत असलेली एक छोटी आयती 'अॅक्शन' कुणीतरी बदलली. ती गुपितं कुठं पाठवत नव्हती. बिल्डच्या लॉगमध्येच छापत होती, बेस-६४ दोनदा लावून. उघड्या रिपोचा लॉग कुणीही वाचू शकतो. विश्वास पानिपतात गेला, हे म्हणायला आपल्याला निमित्त लागत नाही, पण इथं ते चपखल बसतं.

या साऱ्या प्रकारांनंतर जाणकारांच्या बोलण्याचा रोख बदलला आहे. 'चावी कुठं लपवायची' हा प्रश्न मागं पडून 'चावी किती तास जगते' हा पुढं आला. २०२१ पासून गिटहबच्या बिल्डला क्लाउडची कायमची चावी द्यायची गरज राहिलेली नाही. बिल्ड आपली ओळख सांगतं, क्लाउड ती पडताळतं आणि थोड्याच वेळात निकामी होणारं टोकन देतं. दुधाच्या कूपनासारखं: आजचं आज. कोडकव्हची ती ओळ अशा बिल्डमध्ये शिरली असती, तर त्या क्षणी तिला टोकन मिळालंच असतं, पण पुढच्या आठवड्यात कामाचं राहिलं नसतं. हॅशिकॉर्पचं व्हॉल्ट २०१५ पासून आणि एडब्ल्यूएसचं सिक्रेट्स मॅनेजर २०१८ पासून गुपितं एका जागी ठेवून, कुणी कधी मागितली याची नोंद करून देतात. व्हॉल्ट तर मागणाऱ्यागणिक नवा, मुदतीचा डेटाबेस पासवर्ड तयार करू शकतं. काही जण गुपित पिशवीत न टाकता प्रोग्रामला फक्त मेमरीतल्या एका फाइलीतून वाचायला देतात, म्हणजे निदान पोराबाळांच्या पिशव्यांत त्याच्या नकला जात नाहीत.

पाच जणांच्या कंपनीला हे सगळं झेपणार नाही, आणि गरजही नसते. पण प्रॉडची आणि चाचणीची चावी वेगळी असणं, पेमेंटची की फक्त पेमेंटपुरती असणं, पुश करण्याआधी लॅपटॉपवरच चावी हुंगणारं साधन बसवणं, व्हॉट्सअॅपऐवजी पासवर्ड मॅनेजरच्या सामायिक तिजोरीतून फाइल देणं, एखादी चिठ्ठी गहाळ असेल तर अॅपनं सुरू व्हायलाच नकार देणं, याला पैसे लागत नाहीत. एक दुपार लागते. आपल्या देशात आता ती दुपार न काढणंच महाग पडू शकतं. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेत हयगय केल्याचा दंड अडीचशे कोटी रुपयांपर्यंत जातो.

कोडकव्हच्या ग्राहकांत खुद्द हॅशिकॉर्प होती, व्हॉल्ट बनवणारी. तिच्याही एका बिल्डच्या पिशवीत त्या दोन महिन्यांत एक चिठ्ठी होती: कंपनी आपलं प्रत्येक सॉफ्टवेअर ज्या जीपीजी कीनं सही करून लोकांना देते ती की. ती गैरवापरात आल्याचा पुरावा मिळाला नाही. तरी २२ एप्रिल २०२१ ला कंपनीनं ते जाहीर केलं, जुनी की रद्द केली, नवी काढली. मग लक्षात आलं, की टेराफॉर्म हे तिचं लोकप्रिय साधन पूरक भाग उतरवताना हीच सही तपासतं, आणि ती तपासणी जगभरच्या यंत्रांवर आधीच बसलेली आहे. तेव्हा नव्या कीची ओळख करून देणाऱ्या सुधारित आवृत्त्या काढाव्या लागल्या. चालू मालिकेच्या, तिच्या मागच्या, त्याच्याही मागच्या, असं करत २०१७ साली आलेल्या ०.११ या मालिकेपर्यंत.